रात्रपाळीचा करार

सावेडी, अहिल्यानगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दानू,

सलाम. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर आपली गाठच पडत नाही म्हणून लिहायला बसले. तू फोन करतोस तेव्हा मी ड्युटीवरून येऊन, फोन बंद करून झोपलेली असते. मला वॉर्डात जरा उसंत मिळते तेव्हा तू एक तर झोपेत, नाहीतर मळ्यात गुडघाभर चिखलात. व्हॉट्सअ‍ॅपवर मी चार ओळी लिहिल्या की तू अंगठा पाठवतोस. आता अंगठ्याला माणसानं काय उत्तर द्यावं?

तुझी बायको माझ्या बाजूची आहे. एस्तेरनं तुझ्या रक्ताच्या तपासणीचा फोटो पाठवला. तीन महिन्यांची साखर पुन्हा वर गेलीय. तू तिला म्हणालास म्हणे, "ताईला धाडू नको, ती उगा बोंब मारील." तर आता ऐक ती बोंब.

पथ्य पाळतोस, साखर सोडलीस, चहा बिनसाखरेचा घेतोस, हे सगळं एस्तेरनं सांगितलं आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. तुझ्यावर थोडा कमी. पण घोटाळा खाण्यात नाही तर खाण्याच्या वेळेत असावा असं मला वाटतं. आपल्या डोक्यात, डोळ्यांच्या मागच्या अंगाला, शरीराचं घड्याळ असतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते जुळतं. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि झोप येते. पहाटे कॉर्टिसोल वाढतं आणि ते अंगाला उठवतं. इन्सुलिन दिवसा नेटानं काम करतं, रात्री ते आळसावतं. त्यामुळे दुपारी खाल्लेली बाजरीची भाकरी आणि मध्यरात्री बांधावर बसून खाल्लेली तीच भाकरी अंगात सारखी मुरत नाही. रात्रीच्या भाकरीनं साखर जास्त चढते.

त्यात तुमच्या मळ्यात पाण्याच्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तुझं घड्याळ जरा रात्रीकडं वळायला लागतं तोवर पुन्हा दिवस येतो. त्या बिचाऱ्याला कधी कळतच नाही, आज उठायचं की निजायचं.

म्हणून स्पष्ट लिहिते. रात्रीचं पाणी देणं सोड. गडी लाव, पीक बदल, काहीही कर. बाबांचे पाय साखरेनं कसे गेले ते आपण दोघांनी पाहिलंय. ते मला पुन्हा पाहायचं नाही.

माझी काळजी नको. तुझे दाजी गेल्यापासून मी कायमची रात्रपाळी मागून घेतलीय, आता सवय झाली.

तुझी,
लिडियाताई

⁂

खालचा मळा, ता. संगमनेर
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

सलाम. तुझं पत्र आलं. राम पोस्टमन मळ्यापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "कोर्टाचं हाय का काय?" मी म्हणालो, त्याहून वरच्या कोर्टाचं आहे.

ताई, तू लिहिलंस ते पटलं, पण हे सगळं तू मला सांगून उपयोग नाही. लाईटीला सांग. गव्हाचं पहिलं पाणी आलंय आणि या आठवड्यात लाईट रात्रीची. रात्री मोटार चालू होते ती उजाडेपर्यंत. दारं धरायला माणूस लागतोच. एक वाफा भरला की फावड्यानं त्याचं दार बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. बसल्या जागी डुलकी लागली तर पाणी सहादेवच्या रानात, आणि सकाळी सहादेव माझ्या दारात. गडी म्हणशील तर रात्रीला गडी येत नाही, कारण ओढ्याच्या उसात बिबट्या आहे. परवा त्यानं कानिफनाथची शेळी नेली. मी बॅटरी घेऊन जातो आणि मोठ्यानं गीतं म्हणतो. चर्चमध्ये पाळकसाहेब मला मागच्या बाकावर बसवतात, बिबट्याला मात्र माझा आवाज कळलेला दिसतो, अजून जवळ आला नाही.

माझी तब्येत एकदम फर्मास आहे. गोळी एकदाही चुकवलेली नाही. पाकिटावर लिहिलंय, सकाळी नाश्त्याआधी एक. तसंच करतो. उजाडलं की घरी येतो, हातपाय धुतो, गोळी घेतो, कोरा चहा पितो आणि आडवा होतो. भूक नसतेच, रात्री डबा खाल्लेला असतो. मग पार दुपार कलेपर्यंत झोप. आपल्या वस्तीचा नियम तुला ठाऊक आहे, दारं धरून आलेल्याला उठवायचं नाही. एस्तेर भांड्याचा आवाज होऊ देत नाही, शेजारच्या चांगुणाकाकू कोंबड्यासुद्धा हाकलतात. राजासारखा झोपतो बघ.

आता तुझं बघू. तू मला रात्र वाईट म्हणून सांगतेस आणि स्वतः बारा महिने रात्रीच करतेस, हे कसं? दसऱ्याच्या सुट्टीत आली होतीस तेव्हा ताटावर बसल्या बसल्या तुझा डोळा लागला. तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. एस्तेर म्हणाली, "ताई थकल्यात," मी म्हणालो, ताईला सेवेचं वेड आहे. तेव्हा एक करार करू. तू रात्रपाळी सोड, मी रात्रीचं पाणी सोडतो. तू मोठी, म्हणून आधी तू.

तुझा,
दानीएल

⁂

सावेडी
४ डिसेंबर २०२५

दानू,

पत्र वाचलं. लगेच फोन केला. तू "व्हय व्हय, विचारतो डॉक्टरला" म्हणालास. तुझं हे "व्हय व्हय" मी लहानपणापासून ओळखते, म्हणून कागदावर लिहिते. हा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटव आणि एस्तेरला वाचून दाखव.

ती गोळी साखर खाली ओढते. ती घेतली की वर लगेच पोटात अन्न गेलंच पाहिजे. तू गोळी घेतोस, कोरा चहा पितोस आणि उपाशी झोपतोस. झोपेत साखर घसरत गेली तर तुलाही कळणार नाही आणि बाहेरच्यांना वाटेल दमलाय, झोपू द्या. पाकिटावर "सकाळी" लिहिलंय ते रात्री झोपणाऱ्यासाठी. तुझी सकाळ या आठवड्यांत कधी उगवते हे त्या डॉक्टरांना तू सांगितलंयस का? नसणारच. उद्याच्या उद्या संगमनेरला जा आणि तुझं रात्रीचं वेळापत्रक जसंच्या तसं सांग. ते सांगतील तशी गोळीची वेळ बदल. आणि कितीही झोप येत असो, काहीतरी खाल्ल्याशिवाय निजू नकोस.

कराराचं म्हणशील तर नाही. माझी गोष्ट वेगळी आहे. मी नाइट सोडली तर वॉर्डातल्या पोरींवर जास्त नाइट येतील. शिवाय मला काहीही होत नाहीये.

आधी डॉक्टर. मग भांडू.

लिडियाताई

⁂

खालचा मळा
१५ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर सांभाळून घे. तू आलीस तेव्हा दवाखान्यात धड बोलणं झालं नाही. तू रडत होतीस आणि मला लाज वाटत होती.

तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. वाचलंही होतं. बाजाराच्या दिवशी संगमनेरला जायचंच आहे तर तेव्हा डॉक्टरकडं जाऊ असं मी ठरवलं. नुसत्या गोळीसाठी वेगळी खेप कशाला, एवढाच विचार. मधल्या बुधवारी पहाटे लाईट गेली, मी घरी आलो, सवयीनं गोळी घेतली आणि आडवा झालो. एस्तेरनं भाकरी पुढं केली होती. "उठल्यावर खातो," म्हणालो.

पुढचं मला आठवत नाही, एस्तेरनं सांगितलं ते लिहितो. दुपार कलली तरी मी उठलो नाही. पोरं शाळेतून आली, तिनं त्यांना ओट्यावरच बसवलं. चांगुणाकाकू डोकावून गेल्या आणि म्हणाल्या, "झोपू दे गं, रातभर पान्यात हुता." अंथरूण घामानं भिजलं होतं. डिसेंबरातला घाम, ताई. एस्तेरला वाटलं गोधडी जड झाली, म्हणून तिनं ती हळूच काढली. हळूच, मला जाग येऊ नये म्हणून. मग भिंतीवर तुझा कागद दिसला, तेव्हा तिनं मला गदागदा हलवलं. मी डोळे उघडले पण तिला ओळखलं नाही. काहीतरी बरळत होतो म्हणे. गिळता येतंय असं बघून तिनं घोट घोट साखरेचं पाणी पाजलं आणि कानिफनाथनं टेम्पो काढला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

ताई, मी घाबरलो. बिबट्याला कधी एवढा घाबरलो नव्हतो. माझ्या घरात सगळी माणसं माझ्या भल्यासाठी गप्प बसली होती आणि मी आत मरत होतो. एस्तेर अजून रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरते.

आता दुसरं. तू दवाखान्यात लंगडत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस चप्पल चावली. एस्तेरनं तू साडी बदलताना पाहिलंय. तुझ्या पोटरीवर टाके आहेत. एवढी मोठी चप्पल कुठं मिळते ते मलाही सांग. तू स्कूटर सोडून रिक्षानं का जातेस तेही सांग. मी आता पडून आहे, मला भरपूर वेळ आहे, खरं लिहिलंस तरच पुढचं वाचीन.

आणि करार मी पुन्हा मांडतो. तू रात्र सोडली नाहीस तर गव्हाचं पुढचं पाणी रात्री मीच देणार. हट्ट म्हण, काही म्हण. बाबांचा मुलगा आहे मी.

दानीएल

⁂

सावेडी
२१ डिसेंबर २०२५

दानू,

आजारी माणसानं धमक्या देऊ नयेत. पण दिलीस, आणि ती लागू पडली.

खरं लिहिते. नोव्हेंबरच्या शेवटी, सकाळी ड्युटीवरून घरी येताना, सिग्नलच्या अलीकडं स्कूटरवर माझा डोळा लागला. उघडला तेव्हा मी दुभाजकाच्या कडेला होते आणि लोक मला उचलत होते. मागून ट्रक नव्हता ही देवाची दया. त्या दिवशी ड्युटीवर मला काही वाटलं नव्हतं. रात्रभर तरतरीत होते. उजाडलं, ऊन तोंडावर आलं आणि अंगानं एकदम हात टेकले.

बाकीचंही लिहून टाकते. रक्तदाब वाढलाय, गोळी सुरू झालीय. वजन वाढलंय, आणि मी जेवते तर चिमणीएवढं. बायकांचं जे महिन्याचं असतं त्याचा पार विचका झालाय. ते मी एस्तेरला फोनवर सांगितलंय, तुला सांगायचं कारण नाही. दिवसा झोपते पण ती झोप नव्हे. खाली भंगारवाला ओरडतो, शेजारी मिक्सर लागतो, पडद्याच्या फटीतून उजेड येतो आणि ते डोक्यातलं घड्याळ म्हणतं, ऊठ. मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना सांगते, झोपा, विश्रांती घ्या, नाहीतर तुम्हीच आजारी पडाल. ते माझ्याकडं बघतात आणि मान हलवतात.

तुला मेलाटोनिन शिकवणारी तुझी बहीण ही अशी आहे. मला सगळं कळतं, आणि तरी मी रात्री जाते. का जाते ते विचारू नकोस, निदान आत्ता नको.

करार मला मान्य आहे. पण मोठी म्हणून आधी मी, हे चालणार नाही. तू मरता मरता वाचलास, म्हणून आधी तू. गहू न वाळवता रात्रीचं पाणी कसं सोडायचं ते तू शोध. ते जमवलंस की मी दुसऱ्या दिवशी पुष्पावती मॅडमपुढं जाऊन उभी राहते. त्या आमच्या मेट्रन, आणि त्यांच्यापुढं उभं राहणं म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही.

नाताळाला येणं होणार नाही. चोवीसच्या रात्री ड्युटी लागलीय. पोरांना माझ्याकडून एक एक करंजी जास्त दे. तुला एकही नाही.

लिडियाताई

⁂

खालचा मळा
३१ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

जमलं! करंजी न खाता जमलं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी कानिफनाथच्या ओट्यावर गेलो. आमच्या डीपीवर, म्हणजे त्या एका ट्रान्सफॉर्मरवर, पाच जणांच्या मोटारी. सगळे रात्री आपापल्या रानात एकटे एकटे उभे असतात, प्रत्येकाच्या हातात बॅटरी, प्रत्येकाच्या मनात बिबट्या. मी म्हणालो, कांदा लावायला आपण सावड करतो, आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. मग पाण्याची सावड का नाही? दोघांनी मिळून एका रात्री पाचही रानांची दारं धरायची. बाकीच्यांनी झोपायचं. दुसऱ्या रात्री दुसरे दोघे. दोघं असले की बिबट्याचीही भीती कमी.

सहादेव म्हणाला, "दुसऱ्याच्या हाती पानी द्यायचं? माझा वाफा फुटला तर?"

मी म्हणालो, "तुझं पाणी आजवर माझ्या रानात किती वेळा आलं ते काढू का?"

सगळे हसले, तोही हसला, पण हो म्हणेना. तेव्हा कानिफनाथ बोलला. ताई, हा माणूस कधी बोलत नाही. म्हणाला, "सहादेव, त्या दिशी दान्याला टेम्पोत मी उचलून घातला. लाकडावानी हुता. तुझ्यासाठी मला टेम्पो काढायची पाळी आनू नको." मग सहादेवनंच विचारलं, पहिल्या रात्री कोण कोण?

मला त्यांनी रात्रीतून वगळलं. फुकट नाही, सावडीत फुकट काही नसतं. बदल्यात मी दिवसा सगळ्यांच्या मोटारींचं बघतो, सहादेवच्या कांद्याला फवारणी करतो, आणि लाईट दिवसाची असेल त्या आठवड्यात जास्तीचं पाणी मी धरतो. नाताळाच्या आठवड्यात पहिल्यांदा करून पाहिलं. सहादेवचा एक वाफा फुटला. तो स्वतःच दारं धरत होता, त्यामुळे बोलता कुणाला?

आणखी एक. वस्तीचा तो नियम मोडला. आता दारं धरून आलेल्याला आधी चार घास खायला लावायचे आणि मग निजू द्यायचं. दुपारी एकदा उठवून बघायचं. चांगुणाकाकूंनी ते काम अंगावर घेतलंय आणि त्या इतक्या मोठ्यानं उठवतात की मेलेलासुद्धा उठून बसेल.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. मी रात्री झोपतो. सकाळी उठून उन्हात गोठ्याकडं जातो. गेल्या आठवड्यात सकाळची साखर बऱ्याच दिवसांनी जागेवर आलेली दिसली, एस्तेरनं फोटो काढून ठेवलाय.

माझा शब्द मी पाळला. आता तुझी पाळी, आणि कारण ऐकून घेणार नाही.

तुझा,
दानीएल

⁂

सावेडी
१५ जानेवारी २०२६

प्रिय दानू,

तुझं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. सावडीचा भाग तर दोनदा. त्या अकोले तालुक्यातल्या, भातलावणीची सावड पाहत वाढलेल्या, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

मी म्हणाले, मॅडम, मला नाइट नको. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "कायमची नाइट तूच मागून घेतली होतीस. आता तुझ्या नाइट कुणाच्या गळ्यात घालू?" मी म्हणाले, कुणा एकीच्या गळ्यात नको, सगळ्यांनी थोड्या थोड्या वाटून घेऊ. आणि सध्या पाळ्या कशाही उलटसुलट लागतात, त्या सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढं पुढं सरकू द्या. शरीराला उशिरा निजणं जमतं, लवकर निजणं जड जातं. रात्र संपली की लगेच सकाळची पाळी लावायची नाही, मध्ये सुट्टी द्यायची. आमच्यातली धाकटी, आरती, मला वाटलं कुरकुर करील. तीच म्हणाली, "सिस्टर, तुमी पडला त्या दिवशी मी लई घाबरले. माझ्या वाटनीची नाइट मी करते." मॅडमनी तीन महिने करून बघायला होकार दिला. रक्तदाबाच्या कारणानं मला तूर्त रात्रीतून वगळलं. नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारपासून मी सकाळच्या पाळीला गेले.

इथवर वाचून तू खूश झाला असशील. पुढचं वाच.

काल मी मॅडमकडं जाऊन पुन्हा नाइट मागितली.

थांब, शिव्या देऊ नकोस. आधी ऐक. मी दिवसाची पाळी केली, संध्याकाळी घरी आले, जेवले, दिवा मालवला आणि उजाडेपर्यंत छताकडं बघत राहिले. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री दिवा लावून बसले. अंगाला रात्री जागायची सवय आहे, ती मोडायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. पण कारण तेवढंच नाही, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुझे दाजी रात्री गेले. तुम्हाला सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे की झोपेत गेले, शांतपणे गेले. मी शेजारी होते, दानू. पहाटे कूस बदलली, हात त्यांच्या हाताला लागला आणि तो गार होता. डॉक्टर म्हणाले, जागी असतीस तरी काही करता आलं नसतं. ते मला पटलंय, मी इतकी वर्षं दवाखान्यात काढलीत, मला ते कळतं. मी स्वतःला दोष देत नाही. मला भीती वाटते. अंधार झाला, घर गप्प झालं की छातीत धडधडायला लागतं आणि डोळे मिटत नाहीत. वॉर्डात रात्रभर दिवे असतात, मशीन वाजत असतात, माणसं कण्हत असतात. तिथं सगळे जिवंत आहेत हे ऐकू येतं. म्हणून मी रात्रपाळी मागून घेतली. तू म्हणालास सेवेचं वेड. मी तुला तसं समजू दिलं, ते बरं वाटत होतं.

तू त्या बुधवारी उठला नाहीस हे एस्तेरनं फोनवर सांगितलं तेव्हा मला तो हात आठवला. तू जिवंत आहेस हे ती सांगत होती आणि मला ते ऐकूच येत नव्हतं.

मॅडमनी माझा अर्ज ठेवून घेतलाय. म्हणाल्या, पंचवीस तारखेपर्यंत विचार कर. करार मोडतेय, मला माहीत आहे. पण तू मोडू नकोस. तुला माझी शपथ आहे.

लिडिया

⁂

खालचा मळा
१८ जानेवारी २०२६

ताई,

हे पत्र कानिफनाथच्या टेम्पोबरोबर पाठवतोय, नगरला भाजी घेऊन निघालाय. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

तुझं पत्र एस्तेरनं आणि मी बाहेर ओट्यावर बसून वाचलं. एस्तेर खूप रडली. मग डोळे पुसले आणि माझी पिशवी भरायला लागली.

उद्यापासून आमची लाईट रात्रीची. म्हणजे आठवडाभर दिवसा पाणी नाही, आणि रात्रीचं पाणी सावडीतली माणसं धरतील. पूर्वी हाच आठवडा मला खात होता. आता या आठवड्यात मी मोकळा आहे. मी येतोय. उद्या संध्याकाळी एसटीनं पोचेन. हॉलमध्ये चटई टाक, पलंग नको, मला पलंगावरून पडेन असं वाटतं. हा आठवडा पुरला नाही तर एक आठवडा एस्तेर येईल, मग पुन्हा रात्रीच्या लाईटीला मी. चांगुणाकाकूसुद्धा तयार आहेत, पण त्यांना मी अगदीच गरज पडली तर आणीन.

ताई, दारं धरायची सावड होते तर झोपेचीही होईल. तू एकटीनं ती रात्र काढायची, असं कुणी ठरवलं? आम्हाला तू सांगितलंच नव्हतंस. आता सांगितलंस, आता ते आमचंही काम झालं.

अर्ज परत घे. नाही घेतलास तर मी मॅडमपुढं जाऊन उभा राहीन, आणि तिथं गीत म्हणेन.

दानीएल

⁂

सावेडी
२३ जानेवारी २०२६, सकाळी

दानू,

मी ड्युटीला निघालेय. तुला दोनदा हलवलं, दोन्ही वेळा "व्हय" म्हणालास आणि कूस बदललीस. तोंडावर रंग आहे, हात गरम आहेत, म्हणून पडू दिलं. डब्यात थालीपीठ आहे. आधी गोळी आणि लगेच थालीपीठ, मध्ये पेपर वाचत बसायचं नाही. एस्तेरला फोन कर.

सोमवारी तू मला फसवलंस. मी डोळे मिटले की तू झोपणार असं ठरलं होतं, आणि मी पाणी प्यायला उठले तर तू दाराशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेला. अरे शहाण्या, माझ्यासाठी तू रात्र जागायला लागलास तर मग हे सगळं कशासाठी केलं आपण? मंगळवारी तुला दम देऊन झोपवलं आणि मीच जागी राहिले. बुधवारी थोडा डोळा लागला, दचकून उठले, पुन्हा लागला. तुला वाटलं असेल, जमत नाही. मलाही तसंच वाटत होतं. तरी मी काल संध्याकाळी येताना मॅडमकडून अर्ज परत घेतला आणि त्यांच्यासमोर फाडला. झोप येवो न येवो, मी रात्रीला परत जाणार नाही असं ठरवूनच घरी आले. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच पेढे आणले असतेस आणि तुला ते चालत नाहीत.

काल रात्री मी दिवा मालवला आणि मला झोप लागली. कधी लागली ते कळलंच नाही. मग केव्हातरी जाग आली. सगळीकडं अंधार होता. छातीत धडधडायला लागलं, हात आपोआप शेजारी गेला. तेवढ्यात हॉलमधून तुझं घोरणं ऐकू आलं. मोठं, वेडंवाकडं, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारं. मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. धडधड हळूहळू कमी झाली. उठून बघायला यावं असं एकदा मनात आलं, पण आले नाही. कूस बदलली आणि परत झोपले.

तुझी,
ताई